न झालेले गोल

माझ्या अभ्यासाच्या खोलीत एक स्कॉटिश गृहस्थ राहायला आले, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. 'अभ्यासाची खोली' हे आपले मराठीच्या प्राध्यापकाने दिलेले नाव. सौभाग्यवतीच्या लेखी ती अडगळीची खोली, आणि माझा पुतण्या अकरावीसाठी अकोल्याहून अमरावतीला आमच्याकडे आल्यापासून ती त्याची खोली. आल्या दिवशीच त्याने माझ्या पुस्तकांच्या कपाटाला लागून त्या गृहस्थांचे चित्र चिकटवले. अंगात तांबडा सदरा, हनुवटीवर दाढीचे खुंट आणि कोणावर तरी ओरडण्यासाठी उघडलेले तोंड.

"हे कोण?" मी विचारले.

"अँडी रॉबर्टसन, काका. लेफ्ट बॅक."

त्याच्या शेजारी दुसरे चित्र होते, फिक्या निळ्या सदऱ्यातले. "आणि हे?"

"राहुल भेके."

"भेके? कुठले हे भेके?" आडनाव कळले, की गाव विचारल्याशिवाय आम्हा मध्यमवर्गीय मंडळींना अन्न पचत नाही.

"मुंबईचा. तोही बॅकच."

म्हणजे आमचा बाबूही बॅक खेळत होता, हे मला त्या दिवशी कळले. फुटबॉल खेळतो एवढे ठाऊक होते. पण फुटबॉल खेळणारा मुलगा म्हणजे गोल मारणारा मुलगा, असाच माझा समज. बारावीचे वर्ष निम्मे सरत आले असताना एके रात्री दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, अकोल्याहून फोन आला. त्याचे तिथे बी-बियाण्यांचे आणि खतांचे दुकान आहे. दुकान बंद केल्यावरच तो फोन करतो, आणि मला नेहमी 'मास्तर' म्हणतो.

"मास्तर, थ्या पोट्ट्याले जरा समजाव. मुंबईले जातो म्हन्ते, फुटबॉलच्या चाचनीले. बारावी हाये, क्लासचे पैशे भरले. मी बोललो तं तोंड फुगवते. तुह्यं आयकते थो."

आता, कोणत्याही गोष्टीला विरोध करायचा तर आधी ती वाचली पाहिजे, ही मास्तरकीची खोड. शिवाय पोराने उद्या उलट विचारले, की 'काका, तुम्हांला बॅक म्हणजे काय ठाऊक आहे का?', तर तोंड लपवायची पाळी. म्हणून तिमाहीच्या उत्तरपत्रिका बाजूला सारून मी पहिल्याने भिंतीवरच्या स्कॉटिश पाहुण्यांची चौकशी आरंभली.

स्कॉटलंडशी आम्हा वऱ्हाडकरांचा संबंध फार तर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजापुरता. ज्यांचे नाव त्या कॉलेजाला आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटिश पाद्री होते. पण फुटबॉल खेळणाऱ्या स्कॉटिश लोकांना हिंदुस्थान पुष्कळच ओळखत होता. १८८८ साली सिमल्याला पहिला ड्युरँड चषक खेळला गेला, तेव्हा अंतिम सामन्यातल्या दोन्ही पलटणी स्कॉटिश होत्या आणि चषक रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्सने नेला. त्याच्याही आधी, ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोत स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात जो सामना झाला तो दोन देशांमधला पहिला अधिकृत फुटबॉल सामना समजतात. त्याचा निकाल वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. शून्य विरुद्ध शून्य! साऱ्या जगाचे वेड होऊन बसलेल्या या खेळाचा श्रीगणेशा एकही गोल न होता झाला होता. त्या दिवशी मागे उभे राहून ज्यांनी गोल होऊ दिले नाहीत त्यांचे कौतुक कोणी केले असेल, असे मला वाटत नाही. लोक 'काय हा सामना!' म्हणत घरी गेले असावेत.

रॉबर्टसनचा जन्म १९९४ चा, ग्लासगोचाच. सेल्टिक हा तिथला बलाढ्य क्लब. लहानपणापासून तो त्यांच्याकडे शिकत होता. पंधराव्या वर्षी त्यांनी त्याला घरी पाठवले. कारण काय, तर चण लहान! मग तो क्वीन्स पार्क नावाच्या क्लबात गेला. हा क्लब १८६७ सालचा, आणि २०१९ पर्यंत त्याचा नियम असा, की खेळाडूला खेळण्याचा एक पैसाही द्यायचा नाही. त्यांचे ब्रीदवाक्य लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ 'खेळण्यासाठी खेळणे'. वाचून मला हसू आले. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' या फडके-खांडेकरांच्या वादावर मी दर वर्षी दोन तास घेतो. ग्लासगोच्या मंडळींनी तो वाद ब्रीदवाक्यातच मिटवून टाकला होता. पण पोटाचे काय? ते मात्र मिटत नव्हते. अठराव्या वर्षी हा मुलगा हॅम्पडेन पार्कच्या मैदानाच्या कचेरीत फोन उचलून तिकिटांची चौकशी करणाऱ्यांना उत्तरे देत होता, आणि 'या वयात खिशात पैसा नसणे म्हणजे काही जगणे नव्हे, काम पाहिजे' अशा आशयाचे त्याने तेव्हा चारचौघांत लिहूनही ठेवले आहे. पुढल्या वर्षी, २०१३ मध्ये, डंडी युनायटेडने त्याला घेतले. त्याच्या पुढल्या वर्षी हल सिटीने. २०१७ मध्ये लिव्हरपूलने. २०१८ मध्ये तो स्कॉटलंडचा कर्णधार झाला आणि २०१९ मध्ये लिव्हरपूलबरोबर युरोपचा विजेता. फोन उचलणाऱ्या पोरापासून इथवर सात वर्षे. आमच्याकडे तेवढ्यात पीएच.डी.चा प्रबंधही पुरा होत नाही.

त्याची एक धाव मी बाबूच्या मोबाईलवर पाहिली. जानेवारी २०१८, समोर मँचेस्टर सिटी. चेंडू त्यांच्याकडे. हा बॅक आपली जागा सोडून चेंडूमागे सुटला. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिथून थेट त्यांच्या गोलरक्षकापर्यंत गेला, आणि हा प्रत्येकाच्या अंगावर धावतोच आहे! पाटाखाली शिरलेल्या उंदरामागे आमची मांजरी अशी धावते. प्रेक्षक उभे राहून ओरडत होते.

"मग? गोल झाला?" मी विचारले.

"नाही," बाबू म्हणाला, "पण काका, धाव पाहा ना."

भेक्यांची कथा आणखी जवळची निघाली. ती वाचताना मला सारखी बदलीची नोकरी करणारा माणूस आठवत होता. जन्म डिसेंबर १९९० चा, मुंबईचा. मुंबई एफ.सी.कडून खेळला, मग कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे, मधे एक हंगाम केरळ, एक हंगाम पुणे, २०१७ पासून बंगळूर, २०२१ मध्ये परत मुंबई, २०२४ मध्ये पुन्हा बंगळूर. दादाला सांगण्याजोगा मुद्दाही मला इथेच सापडला. यांतला मुंबई एफ.सी. हा संघ २०१७ मध्ये बंद पडला आणि पुण्याचा २०१९ मध्ये. म्हणजे नोकरी तर राहोच, कचेरीसुद्धा जागेवर राहील याचा भरवसा नाही! भारताचा सदरा त्याच्या अंगावर पहिल्यांदा चढला तो जून २०१९ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा नोकरीत कायम झालेला नसेल, तर आमच्याकडे वधूपिते त्याच्या दारावरून जात नाहीत.

पण त्याच्याविषयी जे जे वाचायला मिळाले त्यात एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मार्च २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मुंबईतच झाला. बंगळूर विरुद्ध गोवा. पुरी नव्वद मिनिटे कोरी गेली. जादा वेळही संपत आला, तेव्हा कॉर्नरवरून आलेला चेंडू या बॅकने डोक्याने आत घातला आणि बंगळूरने करंडक नेला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिलाच सामना, आणि विजयी गोल पुन्हा यांच्याच डोक्याचा. लिहिणारे जेव्हा भेक्यांवर लिहितात तेव्हा या दोन गोलांवर लिहितात. त्यांचे जे रोजचे काम, म्हणजे गोल होऊ न देणे, त्याबद्दल अवाक्षर नाही. आचाऱ्याचे कौतुक त्याने एकदा पेटी छान वाजवली म्हणून करावे, तसला हा प्रकार!

मी आणखी मागे गेलो, तर सगळीकडे तेच. जर्नेल सिंग हे आपल्याकडचे फार मोठे बॅक. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना अंतिम सामन्यात त्यांना पुढे खेळवले, त्यांनी कोरियावर गोल मारला आणि सुवर्णपदक आले. ते आठवले जातात त्या गोलासाठी. शैलेन मन्ना तितकेच मोठे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपली पोरे बहुतेक अनवाणी पायांनी फ्रान्सशी झुंजली आणि १-२ अशी हरली. मन्नांच्या नावापुढे लोकांनी लिहून ठेवले ते त्या दिवशी हुकलेले पेनल्टीचे. बॅकने गोल मारला तरी नोंद, बॅकचा गोल हुकला तरी नोंद. बॅकने अडवला त्याची नोंद नाही. गोल न खाल्ल्याचा हिशेब ठेवतात म्हणे, पण तोही बहुधा गोलरक्षकाच्या खाती पडतो.

याबाबतीत आमची कबड्डी अधिक न्यायी म्हटली पाहिजे. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले, आणि १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पोरांनी तिथे कबड्डी करून दाखवली. तिथल्या लोकांना काय समजले ते देव जाणे! पण त्या खेळात चढाई करणाऱ्याला गुण आहे, तसा त्याची तंगडी धरून बसणाऱ्यालाही आहे. पकड केली की एक गुण, रोख. फुटबॉलात ती सोय नाही.

आणि नोंदी ठेवण्याची हौस तर माणसाला केवढी! अमरावती-अकोला रस्त्याने तुम्ही अलीकडे गेला असाल, तर ठाऊक असेलच. जून २०२२ मध्ये त्या रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरले गेले, आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी कित्येक वर्षे त्याच रस्त्यावरच्या खड्ड्यांतून आपली एस.टी. सुखरूप अकोल्याला पोहोचवणाऱ्या ड्रायव्हरांची नावे मात्र कोणत्याही बुकात नाहीत.

एवढी तयारी झाल्यावर मी बाबूला समजावायचे ठरवले. त्या रविवारी त्याचा सामना होता. आधी खेळ पाहावा, थोडी स्तुती करावी आणि मग परतताना मुद्द्याला हात घालावा, असा माझा बेत. मैदानावर पोहोचलो तेव्हा सामना सुरू झालेला होता. लांबून सगळी पोरे सारखीच दिसत होती आणि चष्म्याचा नंबर बदलायला झाला होता. बाबू कोणता ते शोधण्यात मी दहा मिनिटे घालवली आणि नंतर तो नाद सोडून खेळ पाहू लागलो. आश्चर्य असे, की मी रंगून गेलो. शेजारच्या गृहस्थांनी दिलेले शेंगदाणे खात मी त्यांच्यासारखाच ओरडू लागलो. उत्तरार्धात समोरच्या संघाचा एक काटक मुलगा उजव्या बाजूने घुसला. आमचा एक खेळाडू त्याच्यावर धावून गेला, त्याने चेंडू अलगद मधे सरकवला, तिथे मोकळ्या उभ्या असलेल्या पोराने तो आत मारला. सामना गेला. सगळे मैदान त्या धावून गेलेल्या पोरावर तुटून पडले. आई-बहिणीचा उद्धार झाला. मीही उभा राहून ओरडलो, "अरे, तो बॅक काय झोपला होता काय?"

तो वळला. तो बाबू होता.

त्याला ऐकू गेले की नाही, मी आजवर विचारलेले नाही. परत येताना स्कूटरवर तो मागे बसला होता. मुद्द्याला हात घालण्याची ताकद माझ्यात राहिली नव्हती. राजकमल चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मी नुसते म्हणालो, "तुझा माणूस मोकळा राहिला ना रे?"

"हो. मी सोडला त्याला."

"का?"

"तो उजवीकडून येणारा होता ना, तो माझा नव्हता. आमचा हाफ पुढे गेला, परत आलाच नाही. त्याच्यावर कोणीतरी जायलाच पाहिजे होतं. मी गेलो. मग माझा मोकळा राहिला."

"मग हे सांगायचं नाही का? सगळे तुला बोलत होते!"

"त्यात सांगायचं काय काका?" तो म्हणाला. "हाफ नवीन आहे. अकरावीतला. त्याचं नाव घेतलं तर पुढच्या वेळी सर त्याला बसवतील."

सिग्नल सुटला. मागच्या रिक्षाने भोंगा वाजवला, तरी माझ्या हातून गाडी पुढे जाईना.

१९९१ सालची गोष्ट. मी बारा वर्षांचा होतो, दादा सतरा. वडिलांनी विजेच्या बिलाचे पैसे देवघरातल्या डब्यात ठेवले होते. त्यांतले तीस रुपये मी काढले आणि दोन मित्रांना घेऊन सिनेमाला गेलो. तिकिटे, सोडा, समोसे. मोठा थाट केला. संध्याकाळी डबा उघडला गेला. वडील फार बोलत नसत, नुसते बघत. त्यांनी माझ्याकडे बघितले, माझे पाय लटपटायला लागले, आणि एवढ्यात दादा म्हणाला, "मी घेतले. बुटांसाठी."

दादा शाळेच्या संघात खेळत असे. आता आठवते, तोही मागेच उभा राहायचा. वडिलांनी त्याला मारले नाही. त्याचे जुने बूट उचलले, माळ्यावर टाकले आणि म्हणाले, "आता खेळ बंद." पुढल्या आठवड्यात नागपूरला निवड चाचणी होती. त्याच्या संघातली चार पोरे गेली. दादा गेला नाही. तो निवडला गेला असता की नाही, कोण सांगणार! बहुधा नसताच, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आलो आहे. पुढच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, दादाने कॉलेजला नाव घातलेच नाही आणि एका जिनिंगमध्ये हिशेब लिहू लागला. मी बी.ए. झालो, एम.ए. झालो, विद्यापीठात नंबर आला. वर्तमानपत्रात फोटो आला तेव्हा तो कापून दादाने दुकानात लावला. अजून तिथे आहे, खताच्या कंपनीच्या कॅलेंडराखाली.

ते तीस रुपये माझे होते, हे मी दादाला कधी सांगितले नव्हते. म्हणजे त्याला ठाऊक होतेच. पण आमच्यात तो विषय झाला नव्हता. चौतीस वर्षांत एकदाही नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही अकोल्याला गेलो. बदनेऱ्याहून गाडी धरली, मूर्तिजापूर येईतो बाबू काही बोलला नाही. काका आपल्या बाजूने बोलतील की वडिलांच्या, याची त्याला खात्री नव्हती. मला तरी कुठे होती? लक्ष्मीपूजन झाल्यावर दादा दुकानातली पूजा आटोपून आला आणि आम्ही दोघे गच्चीवर जाऊन बसलो. खाली पोरे फटाके उडवत होती. वहिनींनी चिवड्याची बशी आणून ठेवली.

"मंग, समजावलं का पोट्ट्याले?" दादाने विचारले.

मी समजावायला सुरुवात केली ती दादालाच. भेके, रॉबर्टसन, बंद पडलेले क्लब, हॅम्पडेनचा फोन, सगळे सांगितले. जे विरुद्ध जाईल तेही लपवले नाही. मग त्या रविवारचा सामना सांगितला. मी काय ओरडलो तेही. आणि मग, काही न ठरवता, "दादा, ते तीस रुपये मी घेतले होते," असे बोलून गेलो.

दादाने चिवड्यातला खोबऱ्याचा काप शोधून तोंडात टाकला.

"मालूम हाये. तूच घेतले होते थे. तुह्या खिशात तिकिटं होते ना, सकाळी मीच तं फेकले."

"मग तू—"

"अन् नागपूरले तसाही नसतो गेलो मी. घोट्यात चमक होती माह्या तवा."

मी काही बोललो नाही. त्याच श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दादा गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडीबरोबर रात्रभर अनवाणी चालत अकोल्याला आला होता. पहाटे रस्त्याच्या कडेला आईचा हात धरून मी त्याला बघायला उभा होतो. घोटा त्याचा ठणठणीत होता.

बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "बूट केवढ्याले येतात आताच्या काळात?"

चाचणी जानेवारीत होती. दादाने चार दिवस दुकान वहिनींवर सोपवले, अंबा एक्सप्रेसची दोन तिकिटे काढली आणि स्वतः पोराबरोबर मुंबईला गेला. तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला. आधी त्याने एका वाक्यात सांगून टाकले, की निवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी परत बोलावले, पण यादीत नाव नाही. पुढल्या वर्षी पुन्हा या म्हणाले. बारावीचा अभ्यास करतो म्हणून पोराने कबूल केले आहे. मला वाटले, आता तो फोन ठेवील.

"पन आयक ना मास्तर," तो म्हणाला, "पयल्या दिवशी एक होता सात नंबरवाला. पोट्टा कायचा, वारा होता वारा! इकडून आला, तं यानं त्याले बाहेर दाबला. पुन्हा आला, पुन्हा दाबला. मंग त्यानं काय केलं, पोटाशी घुसला, अन् बाबूनं पाय असा मधात घातला..." सौभाग्यवती जेवायला दोनदा हाक मारून गेली. मोबाईल कानाशी तापला. दादा अर्धा तास सांगत होता, कोण कुठून आला आणि कसा परत गेला. त्या सगळ्या हकिकतीत एकही गोल नव्हता.